भारत-नेपाळ : व्हिसाविना वास्तव्य

भारत आणि नेपाळच्या नागरिकांना एकमेकांच्या देशात व्हिसा न काढता जाता येतं, राहता येतं, कामधंदाही करता येतो. या सोयीला सगळे ‘खुली सीमा’ म्हणतात, पण ती अर्धीच गोष्ट झाली, कारण सीमा ओलांडणं वेगळं आणि पलीकडे वीस वर्षं संसार मांडणं वेगळं. युरोपच्या शेंगेन भागात बिनव्हिसा आलेल्या माणसाला १८० दिवसांत ९० दिवस असा हिशोब ठेवावा लागतो, इथे दिवसांचा हिशोबच नाही. जमिनीवरून आलेल्याच्या हातात शिक्का नसतो, तारीख नसते, मग मुदत संपणार कशी? आपल्याकडे सोसायटीच्या गेटवर किंवा रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या आंबाबागांत राखणीला जे नेपाळी लोक वर्षानुवर्षं राहतात ते याच नियमावर (त्या सगळ्यांना आपण सरसकट गुरखा म्हणतो, ते काही बरोबर नाही).

उगम : यावर एकमत नाही. लोकप्रिय मत असं की हे अनादि काळापासून चालत आलंय, पशुपतीची यात्रा, जनकपूर-मिथिलेतले रोटी-बेटी व्यवहार वगैरे. ते खोटं नाही, पण जिथे आखलेली सीमाच नव्हती तिथे ती खुली होती असं म्हणण्याला फारसा अर्थ उरत नाही. आजची सीमा मुख्यतः ईस्ट इंडिया कंपनी आणि नेपाळ यांच्यातल्या सुगौलीच्या तहाने ठरली, पश्चिमेला महाकाली नदी आणि पूर्वेला मेची नदी. या तहाचं साल कुठे १८१५ तर कुठे १८१६ असं सापडतं आणि त्यावरून उगाच वाद होतात. सही २ डिसेंबर १८१५ ची आणि मान्यता ४ मार्च १८१६ ची, त्यामुळे दोन्ही बरोबर.

काही अभ्यासक खुल्या सीमेचं मूळ याच तहात धरतात. पण तह वाचला तर त्याच्या सातव्या कलमात उलटंच आहे, नेपाळच्या राजाने इंग्रजांच्या संमतीशिवाय कुणाही ब्रिटिश प्रजाजनाला किंवा युरोपीय-अमेरिकन माणसाला नोकरीत ठेवायचं नाही अशी अट आहे. म्हणजे मुक्त वास्तव्य सोडाच, निदान दरबारी नोकरीपुरती बंदीच. तेव्हा सुगौलीने सीमा दिली पण मोकळीक दिली नाही असं म्हणणं जास्त सुरक्षित.

दुसरं मत सैन्यभरतीचं. कंपनीच्या फौजेत गुरखा पलटणी १८१५ पासूनच उभ्या राहिल्या, आणि डोंगरातून माणसं भरतीला येत राहायची तर नाक्यावर अडवून चालणार नव्हतं. त्याच्या जोडीला तराईची (डोंगराच्या पायथ्याचा सपाट पट्टा) वसाहत : १८५७ च्या उठावात नेपाळचा पंतप्रधान जंगबहादूर राणाने इंग्रजांना मदत केली, त्याबद्दल १८६० मध्ये बांके, बर्दिया, कैलाली आणि कंचनपूर हा पट्टा नेपाळला परत मिळाला (नया मुलुक म्हणतात तो), आणि तिथलं जंगल तोडून शेती करायला माणसं हवी होती, ती बरीचशी दक्षिणेकडून म्हणजे आजच्या भारतातून आली. माणसं खाली भरतीला आणि माणसं वर शेतीला, अशी दोन्हीकडून गरज एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तयार झाली, आणि सवय बहुधा तेव्हाच लागली असावी. नानासाहेब पेशवे उठाव फसल्यावर याच तराईत शिरले हे मराठी वाचकाला माहीत असतंच, पण तो आश्रय होता, या व्यवस्थेचा पुरावा म्हणून तो ओढूनताणून आणू नये. १९२३ च्या तहाने ब्रिटिशांनी नेपाळचं स्वातंत्र्य स्पष्टपणे मान्य केलं.

१९५० चा तह : सवयीला कागद मिळाला तो ३१ जुलै १९५० ला. काठमांडूत नेपाळतर्फे पंतप्रधान मोहन शमशेर राणा आणि भारतातर्फे राजदूत चंद्रेश्वर प्रसाद नारायण सिंह यांनी सही केली. पंतप्रधानासमोर राजदूत, ही असमान पातळी नेपाळमध्ये अजून सलते, त्यात राणा घराण्याची सत्ता पुढच्या फेब्रुवारीतच गेली. सातव्या कलमात वास्तव्य, मालमत्ता, व्यापार आणि हिंडण्याफिरण्याच्या सवलती परस्परांना द्यायचं ठरलंय. किती दिवस, ते कुठेच नाही. त्याच दिवशीच्या पत्रांत मात्र नेपाळी लोकांना मोकाट स्पर्धेपासून काही काळ संरक्षण लागेल हे भारताने मान्य केलं होतं, आणि ‘समान सवलत’ पुढे कशी पातळ झाली त्याची एक किल्ली तिथे आहे.

मालमत्तेचंच बघा. नेपाळमध्ये परदेशी माणसाला सरकारी मंजुरीशिवाय जमीन घेता येत नाही आणि भारतीय त्यात आलाच. इकडे फेमाच्या (परकीय चलन कायद्याच्या) नियमांत नेपाळी नागरिकाला पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्यापलीकडे स्थावर मालमत्ता हवी असेल तर रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते. म्हणजे राहा जन्मभर, घर मात्र भाड्याचं! कामाचंही तसंच झालं होतं, १९८७ मध्ये नेपाळने काठमांडू खोऱ्यात भारतीयांना वर्क परमिट लावलं, पुढे १९८९ ची भारताची नाकेबंदी झाली आणि जून १९९० च्या संयुक्त निवेदनाने गाडी १ एप्रिल १९८७ च्या स्थितीवर परत आणली. तह बदलावा का यावर दोन्ही देशांच्या मान्यवरांचा गट २०१६ मध्ये बसला, भारताच्या बाजूचे प्रमुख भगतसिंह कोश्यारी (नंतर महाराष्ट्राचे राज्यपाल), २०१८ ला अहवाल तयार झाला आणि दोन्ही पंतप्रधानांनी तो स्वीकारायचा राहिला तो राहिलाच.

कागदपत्रं : भारताचा परदेशी नागरिकांविषयीचा कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून नवा आहे पण नेपाळी-भूतानी लोकांची सूट तशीच ठेवलीय. नेपाळी माणूस चीन, मकाऊ, हाँगकाँग किंवा पाकिस्तानातून भारतात येत असेल तर मात्र पासपोर्ट आणि व्हिसा दोन्ही लागतात. विमानाने जाणाऱ्यांना ओळखपत्राची सक्ती आली ती डिसेंबर १९९९ च्या काठमांडू-दिल्ली विमान अपहरणानंतर. भारतीयांना पासपोर्ट किंवा व्होटर कार्ड चालतं, आधार फक्त १५ च्या खालच्या आणि ६५ च्या वरच्यांना, आणि यावरूनच काउंटरवर लोक अडकतात. दिवस मोजायची वेळ एका ठिकाणी मात्र येते : भारतात राहणाऱ्या नेपाळी माणसाला आधार काढायचं तर आधीच्या १२ महिन्यांत १८२ दिवस इथे राहिलेलं असावं लागतं. इथल्या विमानतळावरून आखाती देशात नोकरीला जायचं असेल तर त्याला नेपाळी दूतावासाचं ना हरकत पत्रही दाखवावं लागतं.

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे सीमा बंद झाली तेव्हा ही मोकळीक प्रथमच एवढा काळ थांबली, घरी निघालेले मजूर महाकालीच्या अलीकडे अडकून पडले.

गाडी घेऊन नेपाळला जाणाऱ्यांनी सोनौली किंवा रक्सौलच्या सीमानाक्यावर भन्सार म्हणजे तिथली कस्टम भरायची असते, ती दिवसावर असते आणि भारतीय नंबरची गाडी एका आर्थिक वर्षात ३० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. माणूस राहिला तरी गाडीला परत यावंच लागतं.