साचा, रिकामी जागा आणि सोडत

वाक्यात रिकाम्या जागा सोडायच्या, शब्दांच्या याद्या हाताशी ठेवायच्या आणि प्रत्येक जागी चिठ्ठी काढून शब्द बसवायचा, ही युक्ती जवळपास संगणकाइतकीच जुनी आहे. 1952 मध्ये क्रिस्टोफर स्ट्रेची यांनी मँचेस्टर विद्यापीठातील फेरांटी मार्क 1 या यंत्रावर प्रेमपत्रे लिहिणारा प्रोग्रॅम तयार केला. त्यात वाक्याचे साचे दोनच होते: एक 'तू माझी अमुक तमुक आहेस' या धर्तीचा आणि दुसरा 'माझी अमुक ओढ तुझ्या तमुक मनासाठी झुरते' अशा घडणीचा, विशेषण घालायचे की गाळायचे हेदेखील यंत्रच ठरवी. त्यासाठी लागणारा यादृच्छिक, म्हणजे सोडतीसारखा अवचित निघणारा आकडा इलेक्ट्रॉनिक गोंगाटातून (विद्युतप्रवाहाच्या अनियमित चढउतारांतून) मिळे, आणि ती सोय या यंत्रात अ‍ॅलन ट्युरिंग यांच्यामुळे आली होती. पत्राखाली सही असे 'एम. यू. सी.', म्हणजे मँचेस्टर युनिव्हर्सिटी कॉम्प्युटर. एवढ्या साध्या योजनेतून इतकी निरनिराळी पत्रे निघतात, याचे स्ट्रेची यांना विशेष वाटले, आणि या परंपरेचे मर्म त्यांनी तिथेच हेरले असे मला वाटते.

1959 मध्ये थिओ लुट्झ यांनी स्टुटगार्टमध्ये झेड 22 या संगणकावर काफ्काच्या एका कादंबरीतून घेतलेली 16 उद्देश्ये आणि 16 विधेये अशीच जुळवली.

खरी झेप मात्र रिकाम्या जागेत शब्दाऐवजी दुसरा साचा बसू लागला तेव्हा घेतली गेली. वाक्य नियमांनी टप्प्याटप्प्याने घडते, या भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांच्या व्याकरणविचाराने त्याला पाया दिला. 1961 च्या सुमारास व्हिक्टर इंग्वे यांनी एमआयटीत अशा नियमांतून यादृच्छिक इंग्रजी वाक्ये निर्माण केली. नियम स्वतःलाच हाक मारू शकतो, म्हणून प्रोग्रॅम आखूड राहूनही वाक्य हवे तितके लांबते. अँड्र्यू बुल्हाक यांचे डाडा इंजिन आणि केट कॉम्प्टन यांचे ट्रेसरी ही नियमांतून मजकूर घडवणारी साधने याच वाटेने आली, तर निक मॉन्टफोर्ट यांनी पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेत अवघ्या 256 अक्षरचिन्हांचा काव्यजनक रचला.

मराठीत हाच खेळ मांडताना लिंग आडवे येते. 'आशा' निघाली तर 'माझी वेडी आशा', 'ध्यास' निघाला तर 'माझा वेडा ध्यास'. 'प्रेमळ' मात्र दोन्हीकडे तसेच राहते. म्हणून प्रत्येक नामाशेजारी त्याचे लिंग नोंदवावे लागते आणि वाक्यात शेवटी येणाऱ्या नामाची चिठ्ठी सर्वांत आधी काढावी लागते.