काउन्सिल टॅक्सचा बँड कमी करायचाय? फोन करण्याआधी एवढं वाचा

मार्चच्या मध्यावर काउन्सिल टॅक्सचं, म्हणजे इथल्या घरपट्टीचं, नवं बिल दारातून आत पडलं की आमच्या ऑफिसचा फोन थांबत नाही. प्रश्न ठरलेला: “समोरचे सी बँडमध्ये, आम्ही डी मध्ये, हे कसं काय? कमी करून द्या ना.” (बँड म्हणजे घराच्या किमतीवरून ठरलेला ए ते एच यांपैकी एक गट; गट जितका वरचा, तितकं बिल जास्त.) दर वेळी फोनवर वीस मिनिटं जातात, म्हणून हे पत्रक काढलं. यातलं सगळं इंग्लंडमधल्या घरांपुरतं आहे. वेल्स आणि स्कॉटलंडची रीत वेगळी, तिथलं घर असेल तर तसं आधी सांगा.

बिल काउन्सिल पाठवते, पण बँड ती ठरवत नाही. ते काम सरकारच्या व्हॅल्युएशन ऑफिसचं. त्यामुळे बँडवरून काउन्सिलच्या काउंटरवर वाद घालून हाती काही लागत नाही. एकट्याने राहणाऱ्याची २५ टक्के सवलत, विद्यार्थ्यांची माफी, हे मात्र काउन्सिलकडेच मागायचं. (आणि हो, भारतातून पाहुणे म्हणून आलेल्या आई-बाबांचं मुख्य घर तिकडेच असेल, तर त्यांच्यामुळे ती २५ टक्के सवलत जात नाही. हाही प्रश्न दर उन्हाळ्यात येतो.) पुण्याच्या घरपट्टीची सवय असलेल्यांना वाटतं की घरात मालक स्वतः राहतो म्हणून काही सूट असेल. इथे मालक राहतो की भाडेकरू, याने बँड बदलत नाही. भाडेकरू असाल आणि बिल तुमच्या नावाने येत असेल, तर हरकत तुम्हीही घेऊ शकता.

आजची किंमत विसरा

आमचा आणि तुमचा सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक ही. तुमचं घर १ एप्रिल १९९१ रोजी कितीला विकलं गेलं असतं, यावर बँड ठरतो. आज कितीला जाईल, तुम्ही कितीला घेतलं, यावर नाही. २०१५ साली बांधलेलं घर असलं तरी त्याची १९९१ मधली किंमतच कल्पायची.

मागे एका ग्राहकांचा अगदी दबक्या आवाजात फोन आला. घर ४,८५,००० पौंडांना घेतलेलं. तक्त्यात पाहिलं तर ३,२०,००० च्या वर थेट एच बँड, आणि यांच्या बिलावर डी. “आम्ही गप्प बसू का?” म्हणाले. तो तक्ता १९९१ च्या भावांचा आहे हो! त्यात ए बँड ४०,००० पौंडांपर्यंत आणि डी म्हणजे ६८,००१ ते ८८,०००. उलटे फोनही येतात: घेतल्यापासून घराचा भाव पडला, आता बँड खाली आणा. तसंही होत नाही.

मग चुका असतातच का? असतात. काउन्सिल टॅक्स १९९३ मध्ये सुरू झाला, त्याआधी घाईघाईने देशभरातल्या घरांच्या किमती लावल्या गेल्या. कित्येक घरं गाडीत बसून, रस्त्यावरूनच बघितली. ‘सेकंड गिअर’ व्हॅल्युएशन हे नाव त्यावरूनच पडलं. इंग्लंडमध्ये त्यानंतर फेरमूल्यांकन झालेलं नाही. तेव्हा एखादं घर चुकीच्या खणात पडलं असेल, तर ते कोणी हलवलं नाही तोवर तिथेच आहे.

पुरावा म्हणून चालते ती १ एप्रिल १९८९ ते ३१ मार्च १९९३ या काळातली खरी विक्री, किंवा तुमच्यासारख्याच घरांचे बँड. ऑनलाइन विक्रीच्या नोंदी १९९५ पासून पुढच्या मिळतात, त्यामुळे बहुतेकांची भिस्त तुलनेवरच असते. राइटमूव्ह किंवा झूप्ला या घरविक्रीच्या वेबसाइटवरच्या सरासरी किमतींचे स्क्रीनशॉट कृपया पाठवू नका. ते पुरावा म्हणून घेत नाहीत.

“सारखं घर” म्हणजे किती सारखं

सरकारी वेबसाइटवर पिनकोड टाकला की गल्लीतल्या सगळ्या घरांचे बँड दिसतात. लोक अख्खी यादी आम्हाला पाठवून मोकळे होतात. लागतात पाचेक घरं, पण त्याच प्रकारची, त्याच वयाची, जवळपास त्याच आकाराची.

एका जोडप्याने अशी अकरा घरं पाठवली होती, सगळी सी. त्यांचं स्वतःचं १९३० च्या दशकातलं सेमी, म्हणजे एका बाजूची भिंत सामाईक असलेलं जोडघर. नकाशे उघडून बसलो तर ती अकराही समोरच्या सम नंबरांच्या रांगेतली, अरुंद टेरेस घरं, म्हणजे एकमेकांना चिकटून ओळीत बांधलेली. केस तिथेच संपल्यासारखी होती. पण यांच्या भिंतीला भिंत लागून असलेलं दुसरं अर्धं यादीत कुठेच नव्हतं. कोपऱ्यावरचं असल्याने त्याचा दरवाजा बाजूच्या रस्त्यावर, पत्ता त्या रस्त्याचा आणि पिनकोडही वेगळा. तेच घर आरशात पाहावं तसं, आणि बँड सी. एकाच घरावर अर्ज करायचा आमचा धीर नव्हता, कारण चूक त्या घराच्या बँडमध्येही असू शकते. मागच्या रस्त्यावर तशीच आणखी दोन सापडली तेव्हा पाठवला. बँड खाली आला आणि घर घेतल्या दिवसापासूनचे जादा पैसे परत मिळाले. अकरा स्क्रीनशॉटपेक्षा ती तीन घरं कामाला आली.

मापांचंही तेच. व्हॅल्युएशन ऑफिस घराचं माप बाहेरून धरतं, फ्लॅटचं आतून. ईपीसी, म्हणजे घराच्या ऊर्जावापराच्या सर्टिफिकेटवरचा आकडा आतला असतो. तुमची ईपीसी आणि शेजाऱ्याची ईपीसी जरूर लावून बघा, पण तुमची ईपीसी आणि बाहेरून टेपने घेतलेलं माप यांची तुलना करू नका.

आणखी एक: आधीच्या मालकाने लॉफ्टमध्ये (छपराखालच्या माळ्यात) खोली काढली असेल, तर त्यांच्या काळात बँड बदलत नाही. घर विकलं गेलं की बदलू शकतो, आणि तो धक्का तुम्हाला बसतो. समजा तुमच्याकडे डी चं बिल २,२५० पौंड आहे, तर ई चं २,७५०. घर घेण्याआधी वेबसाइटवर त्या पत्त्यापुढे सुधारणेची खूण आहे का ते बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

सहा महिने, आणि आमची फी

नवं घर घेतल्यापासून किंवा बँड बदलल्यापासून सहा महिन्यांच्या आत रीतसर हरकत घेता येते, आणि निकाल पटला नाही तर तीन महिन्यांत ट्रिब्युनलकडे, म्हणजे असे वाद ऐकणाऱ्या स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे, जाता येतं. ती मुदत गेली तरी भक्कम पुरावा दाखवून बँड तपासायला सांगता येतं, पण मग अधिकार तितका पक्का राहत नाही. म्हणून किल्ल्या मिळाल्या की गृहप्रवेशाच्या गडबडीतही हे बघून ठेवा.

हा अर्ज फुकट आहे, ट्रिब्युनलही फुकट. आम्ही ते लपवत नाही. ज्यांना वेळ आहे त्यांनी स्वतः करावा. आम्ही पैसे घेतो ते तुलनेची घरं शोधण्याचे, तेही ठरावीक ४५ पौंड. परताव्यात टक्केवारी घेत नाही. काही जणांना “फी आधी का?” असं वाटतं. कारण निम्म्या वेळा आमचं उत्तर “अर्ज करू नका” असं असतं, आणि ते शोधायलाही तेवढीच संध्याकाळ जाते. तपासणीत बँड वरही जाऊ शकतो, तुमचाच नाही तर शेजाऱ्यांचाही. शेजारच्या काकूंनी दिवाळीचा फराळ देणं बंद केलं, तर त्याची जबाबदारी आमच्यावर नको.

निकाल येईपर्यंत हप्ते थांबवू नका. अर्ज चालू आहे म्हणून पैसे भरले नाहीत, तर काउन्सिलची नोटीस येतेच. येताना चालू बिल, घराचा फ्लोअर प्लॅन आणि ईपीसी घेऊन या. आणि कोपऱ्यावरच्या घराचा पत्ता नीट बघून या.