मागच्या दोन चाकांवरची जीप

शहाद्याहून म्हसावद, राणीपूर आणि मग सातपायरी घाटाने तोरणमाळ. लहानपणी हा रस्ता मी काळीपिवळी जीपमध्ये बसून, बहुतेक वेळा अर्धवट लटकून पाहिला. "सरका ना भो" म्हणत गाडी भरायची. जागा संपली असं चालकाने कबूल केल्याचं मला आठवत नाही. जीप घाट चढते ती फोर व्हीलच्या जोरावर, असा आमचा ठाम समज होता. पुढे एका गॅरेजमध्ये गाडीच्या पोटाखाली वाकून पाहिलं, तर इंजिनाची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना जात होती. पुढची चाकं नुसती वळायला. खान्देशातल्या प्रवासी जीपगाड्या बहुतेक अशाच.

मग ती चढायची कशी? त्यासाठी आधी तिचं मूळ पाहू.

१९४० च्या जुलैत अमेरिकन सैन्याने १३५ कारखान्यांना पत्रं धाडली. घोडा, खेचर आणि साइडकारवाली मोटरसायकल यांची कामं करणारी, चारही चाकांना जोर असलेली हलकी गाडी हवी होती. मुदत पहिला नमुना ४९ दिवसांत देण्याची, वजनाची अट १३०० पौंडांची, म्हणजे ५९० किलोंची. ही अट कागदावर लिहिणाऱ्याने पाना हातात धरला नसावा. पेनसिल्व्हेनियातल्या बँटम या डबघाईला आलेल्या छोट्या कारखान्याने कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याला बोलावलं. त्याने दोन दिवसांत आराखडा काढला आणि २३ सप्टेंबर १९४० ला गाडी मेरीलँडच्या होलाबर्ड छावणीत पोहोचली. बँटमची क्षमता तोकडी म्हणून सैन्याने तिचे आराखडे विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनाही दाखवले. पुढे मोठी कामं या दोघांनाच मिळाली, बँटम मागे पडली. युद्ध संपेपर्यंत विलीज आणि फोर्डने मिळून सहा लाखांहून जास्त जीपगाड्या बनवल्या.

विलीजची जमेची बाजू म्हणजे इंजिन. बार्नी रूस या अभियंत्याने सुधारलेलं २.२ लीटरचं, ६० अश्वशक्तीचं. पण गाडी जड झाली. सैन्याने मर्यादा २१६० पौंडांपर्यंत वाढवूनही बसेना, तेव्हा गाडी सुटी करून बोल्टची लांबीसुद्धा कमी केली, रंगाचे थर घटवले, असं सांगतात. सपाट मडगार्ड, पुढे आडवी पडणारी काच, दारांचा पत्ताच नाही: आज रुबाब वाटणारं हे रूप निकडीतून आलं. पुढची खाचांची जाळी फोर्डची. एका पत्र्यातून दाबून काढली की वेल्डिंगचं काम वाचतं. बाकी 'जीप' हे नाव 'जनरल पर्पज'वरून आलं ही कथा मला पटत नाही. फोर्डच्या जीपी या सांकेतिक नावात जी म्हणजे सरकारी काम आणि पी म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं ८० इंची अंतर.

आता आकडे. या इंजिनाचा पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर (टॉर्क), सुमारे १४२ न्यूटन-मीटर. पहिला गिअर तो २.६६ पट करतो, फोर व्हीलसोबत येणारा जास्तीचा लो गिअर १.९७ पट, अ‍ॅक्सलमधली दातेरी चाकं ४.८८ पट. गुणाकार साधारण २५ पट. साडेपस्तीस सेंटिमीटर त्रिज्येचं टायर धरलं, तर जमिनीवरचा जोर जवळजवळ एक टन येतो, म्हणजे जवळपास गाडीच्या स्वतःच्या वजनाइतका. (घर्षणात थोडा वाया जातो.)

पण जोर असून भागत नाही, पकड लागते. तापीकाठची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि टायरला लिंपून बसते. एक चाक जागेवर गरगरायला लागलं की डिफरन्शियल (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दातेरी जोडणी) दुसऱ्यालाही तितकाच थोडका पीळ देतो, आणि दोनच चाकांना जोर असलेली गाडी रुतते. फोर व्हीलमध्ये निदान पुढची जोडी ओढायला असते. शेतातून केळी काढणाऱ्याला ती हवीच. डांबरावर मात्र ती बंद ठेवावी लागते, कारण वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात आणि मध्ये सैल देणारा डिफरन्शियल नसल्याने सगळे सांधे ताणले जातात.

मुंबईच्या माझगावात महिंद्राने विलीजची जुळणी चाळीसच्या दशकाच्या शेवटी सुरू केली. आपल्याकडे रुळली ती उंच नाकाची सीजे-३बी. तिच्या इंजिनात आत जाणाऱ्या हवेचे व्हॉल्व्ह वर आल्याने बोनेट उंच करावं लागलं. पुढे डिझेल आलं. एका मॉडेलमध्ये तर इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टरवर बेतलेलं इंजिन बसलं. ट्रॅक्टर उघडणाऱ्या गावच्या मिस्त्रीला जीप परकी राहिली नाही ती त्यामुळेच.

तर घाट. आमच्या मागच्या दोन चाकांच्या जोरावरच्या जीपला लो गिअर नाही, म्हणून जोर अर्धा, सुमारे ५०० किलो. सहाला एक असा चढ धरू. जीप ११०० किलोंची समजू. रिकामी चढवायला सुमारे १८० किलो जोर लागतो. मागच्या चाकांवर ५५० किलो वजन. ओल्या रस्त्यावर त्याच्या तीन दशांश पकड मिळाली तर १६५ किलो. चाकं घसरणार. आता पंधरा माणसं कोंबा. एकूण दोन टन, लागणारा जोर साधारण ३३०. पण माणसं मागेच बसतात, मागच्या चाकांवर १४०० किलो येतात आणि पकड ४२० वर जाते. रिकामी अडलेली जीप भरल्यावर चढते!

चालकाला हे गणित कुणी शिकवलं नव्हतं. त्याला एवढंच ठाऊक होतं की मागे फार भार झाला की पुढची चाकं उचलल्यासारखी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. तेव्हा तो दोघांना उतरवून पुढच्या सपाट मडगार्डांवर एकेक असा बसवायचा. क्लीनर मागून दगड हातात घेऊन चालायचा, गाडी थांबलीच तर चाकाखाली लावायला.