पार्श्वभूमी : इंदूरचे ऑर्केस्ट्रा-व्यवस्थापक आणि ‘ओरिजिनल’ची भानगड

इंदुरात जुनी ध्वनिमुद्रणं दोन प्रकारच्या घरांत टिकली. एक, हौशी संग्राहकाचं कपाट. दुसरं, ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या व्यवस्थापकाचा माळा. कपाटांबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे. माळ्याकडे मात्र अडगळ म्हणूनच पाहिलं गेलं, आणि हा अन्याय आहे. शहरातल्या मंचीय संगीताचा चाळीसेक वर्षांचा पुरावा तिथेच साठलेला असतो.

व्यवस्थापकाकडे रेकॉर्ड यायची ती कामाची वस्तू म्हणून. चित्रपटगीतांचं नोटेशन बाजारात मिळत नसे. गाणं बसवायचं तर अंतऱ्याआधीचे पीस, म्हणजे नुसत्या वाद्यांचे तुकडे, मेंडोलिनची लाइन, अकॉर्डियनचा भरणा, बोंगोचा ठेका हे सगळं रेकॉर्डवरून कानानं उतरवावं लागे. सुपारी घेणं, वादक जमवणं, तालमीची वेळ ठरवणं, साउंडवाल्याचे पैसे चुकते करणं ही कामं जशी त्याची, तशी गाण्याची रेकॉर्ड तालमीआधी हाताशी असणं हीही त्याचीच जबाबदारी. कार्यक्रमातून गाणं निघालं तरी रेकॉर्ड टाकून देता येत नसे, कारण पुढच्या गणपतीत एखादं मंडळ तेच गाणं पुन्हा मागे.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजानचं गाणं मुद्रित झालं. तबकड्या तेव्हा जर्मनीतल्या हॅनोव्हरला छापल्या जात. १९०८ मध्ये कलकत्त्यातच सियालदहला कारखाना आला. १९२५ च्या सुमारास भोंग्याच्या जागी मायक्रोफोन आला. लता मंगेशकरांचा जन्म इंदूरचा, २८ सप्टेंबर १९२९ चा. उस्ताद अमीर खाँ याच शहरात वाढले, आणि एका बाजूला मारवा व दुसऱ्या बाजूला दरबारी असलेली त्यांची एल.पी. इथल्या मराठी घरांतून आजही निघते. ऑर्केस्ट्राच्या दृष्टीनं खरी सुरुवात मात्र पन्नाशीच्या दशकातली. १९५२ च्या सुमारास आकाशवाणीनं चित्रपटगीतांना आखडता हात घेतला, तेव्हा श्रोता रेडिओ सिलोनकडे वळला. १९५५ मध्ये आकाशवाणीचं इंदूर केंद्र सुरू झालं, १९५७ मध्ये विविध भारती आली. बुधवारी रात्री सिलोनवर ऐकलेलं गाणं शनिवारी मंचावर हवं, ही मागणी तिथून जन्मली.

व्यवस्थापकाचं वर्ष ठरलेलं असे. गणपतीचे दहा दिवस, लगोलग नवरात्र, मग कोजागिरी, थंडीत संस्थांची संमेलनं, वैशाखापर्यंत लग्नं. मोकळा काळ तो आषाढाचा, आणि रेकॉर्ड-टेपांची साफसफाई पुष्कळांनी त्याच महिन्यात काढली. पण हवेत दमटपणा असताना धुतलेली तबकडी नीट वाळत नाही, टेपच्या कडेला पांढरी बुरशी धरते. उलट चैत्र-वैशाखात माळ्याचा पत्रा तापला की आडव्या ठेवलेल्या रेकॉर्डी बशीसारख्या वाकतात. माळव्यात या कामाला योग्य काळ दिवाळीनंतरचा, कार्तिक ते माघ. नेमका तोच धंद्याचा, त्यामुळे काम मागे पडत गेलं.

या रेकॉर्डींची झीजही वेगळी असते. घरच्या रेकॉर्डीवर झीज सगळीकडे सारखी पसरते. तालमीच्या रेकॉर्डीवर एका जागी करडा पट्टा दिसतो, साधारण पहिला एक-तृतीयांश भाग संपतो त्याच्या आसपास, मुखडा संपून पहिला पीस सुरू होतो तिथे. व्हायोलिनवाल्याला चार मात्रा पकडता येईपर्यंत सुई तिथेच वीस-तीस वेळा टेकवली जायची. पोलादी सुई एका बाजूला एकच वापरायची असते. तालमीत तीच सुई संध्याकाळभर चाले. बोथट सुई आणि ती धरणाऱ्या साउंडबॉक्सचं ओझं यांनी खोबणीची भिंत खरवडली जाई. अशी रेकॉर्ड संगणकावर उतरवताना ठरावीक ३ मिलची, म्हणजे साधारण ७६ मायक्रॉनची, सुई त्याच झिजलेल्या पट्ट्यावरून जाते. म्हणून २.३ पासून ४ मिलपर्यंतच्या वेगवेगळ्या जाडीच्या, टोक छाटलेल्या सुया लावून पाहायच्या. थोडी जाड सुई भिंतीच्या वरच्या, न झिजलेल्या भागाला टेकते आणि खरखरीतून मेंडोलिन वर येतं. एल.पी.ची बारीक सुई ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, रेकॉर्डीला लावणं ही सर्रास होणारी चूक. ती खोबणीच्या तळाशी धुळीत लोळते. दुसरी चूक म्हणजे प्री-अ‍ॅम्पची आजची आर.आय.ए.ए. जोडणी, म्हणजे खालच्या-वरच्या स्वरांचा ठरलेला तोल, जशीच्या तशी ठेवणं. ती पन्नाशीच्या मध्यानंतरच्या रेकॉर्डींसाठी आहे. जुन्या रेकॉर्डीवर ती लावली की वरचे स्वर दबतात, आणि गायिकेचा आवाजच मंद होता, असा समज होऊन बसतो.

आता ‘ओरिजिनल’. ऑर्केस्ट्राच्या जगात या शब्दाइतका गुंता दुसऱ्या कशानं केलेला नाही. श्रोत्याच्या लेखी ओरिजिनल म्हणजे त्यानं जे पहिल्यांदा ऐकलं ते. संग्राहकाच्या लेखी पहिली छपाई. वादकाच्या लेखी ओरिजिनल स्केल, म्हणजे मुद्रणाच्या वेळी हार्मोनियमची जी पट्टी होती ती. व्यवस्थापकाला तिघांनाही तोंड द्यावं लागतं.

मुळात चित्रपटातलं गाणं आणि रेकॉर्डीवरचं गाणं एकच असेल, असं धरून चालता येत नाही. तिशी-चाळिशीच्या दशकांत रेकॉर्डीसाठी गाणं पुष्कळदा वेगळं मुद्रित होई. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटंच मावत, तेव्हा एखादा अंतरा गळे, पीस आखूड होई, लांब गाणं दोन बाजूंवर वाटलं जाई. लेबलावरचं नावही अंतिम मानायचं नाही. ‘महल’ (१९४९) मधल्या ‘आएगा आनेवाला’च्या रेकॉर्डीवर गायिका म्हणून छापलं होतं कामिनी, म्हणजे पात्राचं नाव. त्यामुळे सूची करताना दोन रकाने ठेवावे लागतात : लेबलावर काय छापलं आहे, आणि गायलं कोणी. लेबलावरचा कॅटलॉग क्रमांक वेगळा आणि शेवटच्या कोऱ्या पट्टीत किंवा लेबलाखाली कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक वेगळा. एकाच गाण्याची दोन मुद्रणं ओळखू येतात ती या दुसऱ्या क्रमांकावरून. तो बॅटरी तिरकी धरून वाचायचा आणि जसाच्या तसा उतरवायचा.

त्याहून मोठा वाद वेगाचा. ‘७८’ हा आकडा नंतर स्थिरावला. भोंग्याच्या काळात तबकड्या सत्तरीपासून ऐंशीच्या वरपर्यंत कुठल्याही वेगानं कापल्या गेल्या. ७४ नं कापलेली रेकॉर्ड ७८ वर लावली तर गाणं सुमारे पाच टक्के पळतं आणि जवळजवळ एक पट्टी चढतं. काळी चारमध्ये गायलेलं पांढरी सहामध्ये ऐकू येतं, सव्वातीन मिनिटांचं गाणं तीन मिनिटं पाच सेकंदांत उरकतं. आवाज बारीक होतो, तानेला नसलेली चपळाई येते. पुढच्या पिढीचे गायक ती चपळाई त्या गायकाचीच समजून रियाझ करतात.

ऐंशीच्या दशकात यात दूरदर्शनची भर पडली. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा आणि आपलं टीव्ही प्रसारण २५ चं. टीव्हीसाठी चित्रपट सरळ २५ नं चालवला की आवाज चार टक्क्यांनी, म्हणजे पाऊण पट्टीच्या आसपास, चढतो. ‘चित्रहार’ किंवा व्हिडिओ कॅसेटवरून पीस उतरवलेला कीबोर्डवाला आणि रेकॉर्डीवरून उतरवलेला बासरीवाला तालमीला एकत्र बसले की जुळतच नसे. दोघंही आपापल्या परीनं बरोबर. त्यात कॅसेट डेकचा पट्टा सैल झालेला असला तर तिसरी पट्टी. ‘ओरिजिनलला वाजवा’ या वाक्यानं किती तालमी फिसकटल्या असतील, याचा अंदाज यावरून यावा.

उतरवताना वेग कोणता धरायचा, यावर दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, ७८ वरच उतरवा, हात लावू नका. दुसरा, आणि त्यात व्यवस्थापक मंडळी जास्त, म्हणतो, हार्मोनियमच्या जवळच्या पट्टीला आणून ठेवा. दुसऱ्या पक्षाला कानाचा आधार आहे आणि त्याला मोडीत काढणं बरोबर नाही. साथीला हार्मोनियम असेल तर गाणं दोन पट्ट्यांच्या मधोमध लटकणं संशयास्पदच. अडचण इतकीच की जुन्या हार्मोनियमचा ‘सा’ही एका मापाचा नव्हता. सुराचा आधार ४३५ हर्ट्झचा की ४५२ चा, एवढ्या फरकातच अर्ध्या पट्टीहून जास्त अंतर पडतं. १९२५ नंतरच्या मुद्रणांत आणखी एक खूण सापडते : विजेची गुणगुण. ती ५० हर्ट्झला हवी. ७८ वर वाजवताना ५२.७ ला दिसली तर रेकॉर्ड ७४ च्या आसपास कापलेली. पण कलकत्त्याच्या काही भागांत डी.सी. वीज होती, जिला ही गुणगुण नसते, तेव्हा गुणगुण न सापडणं हा कशाचाच पुरावा नाही.

व्यवहारात मार्ग असा : स्ट्रोबोस्कोपवर, म्हणजे फेऱ्यांचा वेग दाखवणाऱ्या रेघांच्या चकतीवर, वेग तपासून पहिली फाइल न सुधारलेली ठेवायची, २४ बिट ९६ किलोहर्ट्झवर, दोन्ही चॅनेल वेगळे. रेकॉर्ड मोनो असली तरी खोबणीच्या दोन भिंतींपैकी एक बहुधा कमी झिजलेली असते, आणि नंतर ती निवडता येते. पट्टी लावलेली दुसरी फाइल वेगळी, आणि तिच्या नावातच वेग लिहायचा. इंदुरातल्या कित्येक संग्रहांचं नुकसान झालं ते पट्टी बदलल्यामुळे नाही. बदलून पहिली फाइल पुसली आणि किती बदललं ते कुठंच लिहिलं नाही, यामुळे झालं. खरखर काढून टाकण्याच्या हौसेचंही तेच. ती काढताना झांजेची आणि घुंगराची किनार जाते, आणि ती परत आणता येत नाही.

धुण्याबद्दल एकच गोष्ट आधी पक्की करायची : लाखेच्या, म्हणजे ७८ च्या, तबकडीला स्पिरिट किंवा कुठलंही अल्कोहोल लावायचं नाही. लाख त्यात विरघळते. एक लिटर डिस्टिल्ड वॉटर, त्यात फोटो धुण्यासाठी वापरतात त्या वेटिंग एजंटचे तीन-चार थेंब, पाणी गारच. लेबल झाकायचं, मऊ ब्रश खोबणीच्या दिशेनं गोल फिरवायचा, आडवा कधीच नाही. साध्या डिस्टिल्ड वॉटरनं दोनदा धुवायचं, सुती कापडानं टिपायचं आणि उभी वाळवायची. तडा गेलेली तबकडी पाण्यात बुडवायची नाही. लाखेत दगडाची भुकटी आणि सुताचा भरणा असतो, तो तड्यातून पाणी पितो आणि फुगतो. ठेवायचं उभं, दहा इंचीशेजारी दहा इंची. शंभर रेकॉर्डी म्हणजे वीस किलोच्या आसपास वजन, तेव्हा प्लायची फळी लांब घेतली तर मधे आधार द्यायचा.

माळ्यावरचा खरा दुर्मीळ माल मात्र रेकॉर्डी नव्हेत. त्या कुठं ना कुठं दुसऱ्या सापडतात. दुर्मीळ आहेत त्या स्वतःच्या कार्यक्रमांच्या टेपा : आधी स्पूल, मग मिक्सरमधून थेट घेतलेल्या कॅसेटी. सात इंची स्पूलवर १२०० फूट टेप सेकंदाला साडेसात इंच वेगानं ३२ मिनिटं चाले, म्हणून पैसे वाचवायला ती पावणेचारवर चालवत आणि तासभर बसवत. स्पूल उघडताना आधी वास घ्यायचा. व्हिनेगरसारखा आंबट आला तर ती अ‍ॅसिटेट, आणि कुजायला लागलेली. ती बाकीच्यांपासून लगेच वेगळी करायची आणि उतरवायला पहिली घ्यायची. उजेडाकडे धरून पाहिलं की अ‍ॅसिटेटच्या गुंडाळीतून उजेड झिरपतो, पॉलिस्टरच्या नाही. हा फरक महत्त्वाचा, कारण सत्तरीनंतरच्या काही पॉलिस्टर टेपा चिकट होऊन हेडवर राळ सोडतात. त्यांना ५० ते ५५ अंशांवर आठेक तास कोरडी ऊब देऊन एकदा वाजवता येतं. अ‍ॅसिटेटला हाच उपाय केला तर ती संपली. कॅसेटचा आवाज दबका आला की टेप गेली असं मानायचं नाही. आधी आतली दाबपट्टी सुटली आहे का ते पाहायचं, मग हेडशेजारचा स्क्रू बारीक पेचकसानं केसभर फिरवत झांज सर्वांत स्पष्ट वाजेल तिथे थांबायचं. एकच डेक सगळ्या कॅसेटींना चालत नाही. प्रत्येक कॅसेटला हे नव्यानं करावं लागतं.

कायद्याची स्थिती अशी की ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढल्या वर्षापासून ६० वर्षं, म्हणजे तेवढी वर्षं उलटलेल्या रेकॉर्डींवरचा संपला आहे. गीतकार-संगीतकाराचा हक्क मात्र मृत्यूनंतर ६० वर्षं, आणि तो वेगळा. मंचावरच्या अप्रकाशित टेपांवर गायक-वादकांचा प्रश्न उरतोच. घरी जतन करायला त्याची आडकाठी नाही, सर्वांसाठी खुलं करताना विचारावं लागतं.

आणि विचारायचं कुणाला, हे टेपवरून कळत नाही. बहुतेक कॅसेटींवर ‘गणपती’ आणि एखादा आकडा, एवढंच. उत्तर असतं सुपारीच्या डायरीत : तारीख, मंडळ, ठिकाण, बयाणा, वादकांना दिलेले पैसे नावानिशी, कुठल्या वादकाऐवजी कोण बसलं, आणि मागच्या पानावर गाण्यांचा क्रम स्केलसकट. कुठल्या गाण्याची पट्टी कुणासाठी किती खाली आणली, हे तिथे पेन्सिलनं लिहिलेलं असतं. व्यवस्थापक गेल्यावर घरचे रेकॉर्डी विकायला काढतात, टेपा कुणी मागितल्या तर देतात, आणि डायऱ्या रद्दीत घालतात. साठा ताब्यात घेणाऱ्यानं आधी डायऱ्या मागाव्यात. पान मोबाइलवर सपाट उजेडात टिपून त्याला त्या टेपच्या फाइलचंच नाव द्यायला दोन मिनिटं लागतात.