अमेरिकेत लाच कायदेशीर आहे का?

‘अमेरिकेत कंपनी खासदाराला थेट चेक देते आणि कायदा बदलून घेते, या लाचेलाच लॉबिंग म्हणतात.’ हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय.

संशय अगदीच हवेतला नाही, पण यात दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे. लॉबिंग म्हणजे लोकप्रतिनिधींना गाठून आपली बाजू मांडणं. सरकारकडे गाऱ्हाणं नेण्याचा हा हक्क राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीतच (१७९१) आहे. तो कंपन्या वापरतात, तसेच शिक्षक, शेतकरी, निवृत्त लोकही. मतासाठी पैसे मोजणं मात्र तिथेही फौजदारी गुन्हाच.

आता चेकचं. संसदेच्या उमेदवाराला कंपनीच्या तिजोरीतून देणगी द्यायला १९०७ पासून बंदी आहे. कंपनीची ‘पॅक’ समिती कर्मचाऱ्यांकडून वगैरे ऐच्छिक वर्गणी घेऊन देणगी देऊ शकते, तीही एका उमेदवाराला एका निवडणुकीत जास्तीत जास्त ५,००० डॉलर. खरी मोकळीक वेगळीकडेच आहे: २०१० पासून ‘सुपर पॅक’ (कंपन्यांकडूनही कितीही पैसे घेऊ शकणाऱ्या स्वतंत्र प्रचार समित्या) प्रचारावर अमर्याद खर्च करू शकतात, फक्त उमेदवाराशी संगनमत न करता. ही अट कितपत पाळली जाते, हा वादाचा मुद्दा.

पडताळायचं तर सिनेटच्या संकेतस्थळावर लॉबिंगचे तिमाही अहवाल कुणालाही उघडता येतात. अशील कोण, विधेयक कुठलं, रक्कम किती, सगळं असतं. नेमक्या कोणत्या खासदाराला भेटले, तेवढं नसतं.