कोपरवालं ऑनिंग की दांडीवालं?

बडोद्यात पश्चिमेच्या खिडकीसाठी किंवा गच्चीसाठी ऑनिंगचं, म्हणजे भिंतीवर लावायच्या कापडी छपराचं, कोटेशन मागवलं की कागदावर अनेकदा एकच शब्द असतो: 'रिट्रॅक्टेबल'. त्यावरून कळतं ते एवढंच, की कापड गुंडाळता येतं. फोल्डिंग आर्म आणि ड्रॉप आर्म या दोन्ही प्रकारांत रोलर तोच, कापड तेच, हँडल किंवा मोटरही तीच. फरक आहे तो कापड ताणून धरणाऱ्या हातांत.

फोल्डिंग आर्मच्या हाताला कोपर असतं. कापडाखाली दोन्ही हात घडी घालून रोलरला समांतर बसतात आणि आतल्या स्प्रिंगच्या जोरावर कापडाच्या कडेची पुढची पट्टी बाहेर ढकलतात. ड्रॉप आर्मच्या दांड्या सरळ असतात. त्या दोन्ही बाजूंना, रोलरच्या खाली, दांडीच्याच लांबीइतक्या अंतरावर भिंतीत अडकवलेल्या असतात आणि कमानीसारख्या वरून खाली येतात.

याचा उन्हावर काय परिणाम होतो ते बघा. मेच्या उत्तरार्धात संध्याकाळी 5 वाजता बडोद्यात सूर्य क्षितिजावर जेमतेम 28 अंश असतो, तोही जवळजवळ थेट पश्चिमेला. 9 फुटांवर लावलेलं, 7 फूट बाहेर येणारं फोल्डिंग आर्म घ्या. 4 फुटांमागे 1 फूट उतारामुळे पुढची पट्टी पावणेदोन फूट खाली, आणि तिच्या सावलीची कड भिंतीवर आणखी पावणेचार-चार फूट खाली. म्हणजे फरशीपासून साडेतीन फुटांपर्यंत भिंत तापतेच. आता अडीच फुटांची ड्रॉप आर्म दांडी आडव्यापेक्षा 45 अंश खाली उतरवा. ती बाहेर येते फक्त पावणेदोन फूट, पण कापड रोलरपासून सव्वाचार फूट खाली जातं आणि सावली सव्वापाच फूट खालपर्यंत. चार फुटी खिडकी पूर्ण झाकली गेली. खिडकीवर मोठं फोल्डिंग आर्म लावणं म्हणजे उन्हापेक्षा खिशालाच चटका जास्त. झोपाळ्यावर बसायला, गच्चीत टेबल मांडायला मात्र फोल्डिंग आर्मच हवं. तिथे ड्रॉप आर्मची दांडी डोक्यालाच लागेल.

रुंदीचा घोळही इथेच होतो. घडी झालेले दोन हात एकमेकांशेजारी रोलरच्या लांबीत मावावे लागतात, म्हणून साध्या फोल्डिंग आर्मची रुंदी बाहेर येण्याच्या मापापेक्षा दीडेक फूट जास्त लागते. 8 फूट बाहेर हवं तर साधारण साडेनऊ फूट भिंत. 6 फुटी गॅलरीतून 7 फूट बाहेर काढून देतो म्हणणाऱ्याला आधी हातांची घडी कागदावर काढून दाखवायला सांगा.

पण खरा प्रश्न भिंतीचा. समजा 12 बाय 8 फुटांच्या फोल्डिंग आर्मचे हात, पट्टी आणि कापड मिळून 30 किलो, आणि त्यांचा भार भिंतीपासून 4 फुटांवर. ब्रॅकेटच्या वरच्या-खालच्या बोल्टांत अंतर 6 इंच. मग वरच्या बोल्टांवर एकूण ओढ 30 गुणिले 4 भागिले अर्धा, म्हणजे 240 किलो. वारा धरलेला नाही. ही ओढ बाहेरच्या दिशेने असते, त्यामुळे विटेत ठोकलेला एक्सपान्शन फास्टनर (भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट) वीट फोडून बाहेर येतो. ब्रॅकेट शक्यतो आरसीसी बीमवरच घ्यावं. नुसतीच वीट असेल तर 12 मिमीचा रॉड आरपार घालून आतून लोखंडी प्लेट लावावी. दांडिया बाजारच्या बाजूला जुन्या वाड्यात चुन्यातल्या विटा असतील तर याहून सोपा मार्ग शोधू नये. छज्जाच्या पातळ कडेला तर हातच लावू नका. केमिकल अँकर (भोकात केमिकल भरून चिकटवलेला रॉड) वापरत असाल तर 12 मिमीच्या रॉडला 14 मिमीचं भोक पाडा, ते ब्रशने घासून फुंकून साफ करा; आतली भुकटी राहिली की केमिकल भिंतीला न चिकटता भुकटीला चिकटतं. ड्रॉप आर्मचा भार भिंतीलगत असल्याने चांगल्या भिंतीत लहान फास्टनरवरही भागतं. मात्र दोन्ही दांड्यांचे ब्रॅकेट पाणसळीत हवेत, नाहीतर कापड गुंडाळताना एका बाजूला सरकतं आणि कडा चुरगळतात.

फोल्डिंग आर्म बसवताना हात घडीत बांधून ठेवणारा पट्टा, हात पुढच्या पट्टीला जोडल्याशिवाय सोडायचा नाही. आत स्प्रिंग ताणलेली असते, हात फटकन उघडून जबडा फोडू शकतो.

उतार 4 फुटांमागे निदान 1 फूट, म्हणजे 14 अंश ठेवा. गच्चीत डोकं लागू नये म्हणून कारागीर उतार कमी करतात, मग पहिल्याच सरीला कापडाचं पोट सुटतं आणि साचलेलं पाणी हात वाकवतं. वाऱ्यात मात्र ड्रॉप आर्म खोडकर. नुसत्या वजनावर लोंबणारी दांडी वळवाच्या झोतात वर उडून आपटते, म्हणून ताणाची स्प्रिंग किंवा खाली लॉक असलेलीच मागा. फोल्डिंग आर्म घेताना वाऱ्याचा वर्ग विचारा. युरोपीय मानकातला वर्ग 2 ताशी 38 किमीपर्यंतच्या वाऱ्यासाठी असतो. वळवाचा वारा त्याहून सहज वर जातो, तेव्हा आभाळ भरलं की गुंडाळायचंच. भिजलेलं गुंडाळलं असेल तर दुसऱ्या दिवशी ऊन पडताच उघडून वाळवा, नाहीतर शिलाईच्या बाजूने बुरशी धरते.