घरच्या आरशासमोरील विंटेज ग्लॅमर : पार्श्वभूमी

विंटेज ग्लॅमर म्हणून आज ज्या केशभूषा आणि रंगभूषा घरी करून पाहिल्या जातात, त्यांपैकी बहुतेक १९३० ते १९५५ या काळात अमेरिका आणि ब्रिटनमध्ये रूढ झाल्या. त्यांचा इतिहास सांगताना चित्रपटसृष्टीचा उल्लेख सर्वप्रथम होतो आणि तो गैर नाही. मात्र त्यामुळे असा समज पक्का झाला आहे, की या शैली मुळात स्टुडिओत निष्णात हातांनी घडल्या आणि घरी होते ती केवळ त्यांची नक्कल. केसांच्या बाबतीत तरी हा समज टिकत नाही. पडद्यावर दिसलेली रचना स्वतःच्या डोक्यावर उतरवण्याचे काम त्या काळातही निजण्यापूर्वी घरच्या आरशासमोरच चालत असे, आणि त्यासाठी पाणी, कंगवा आणि मूठभर पिना एवढेच साहित्य पुरत असे.

त्याआधीचा टप्पा थोडक्यात सांगता येईल. पॅरिसमध्ये १८७२ च्या सुमारास तापवलेल्या चिमट्याने केसांत एकसारख्या लाटा पाडण्याची रीत निघाली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लंडनमध्ये उष्णता आणि अल्कली यांच्या साहाय्याने केस कायमचे कुरळे करणारे यंत्र आले. त्याच्या जड पितळी नळ्या डोक्यावर टांगून तासन्‌तास बसावे लागे. पुढे १९२८ मध्ये शिकागोतील एका कृष्णवर्णीय केशप्रसाधिकेने अनेक सळ्या एकाच वेळी तापवणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. मांस भाजताना त्यात खोचायच्या सळ्यांवरून तिला ही कल्पना सुचल्याचे सांगतात, म्हणजे सुंदर दिसण्याच्या या यंत्राचे मूळही घरातच सापडते. याच दशकात आखूड बॉब कापाची लाट आली, तिच्यासोबत चपटी बॉबी पिन आली, आणि ओल्या केसांत बोटे व कंगवा यांनी लाटा बसवण्याची फिंगर वेव्हची पद्धत रुजली. या लाटा टिकाव्यात म्हणून लावायचे चिकट द्रावण जवस पाण्यात उकळून घरी करता येई, आणि आजही ते तसेच करता येते.

पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचा पाया मात्र पिन कर्लने घातला. दमट केसांची साधारण बोटभर रुंदीची बट घ्यायची, ती विंचरून गुळगुळीत करायची, टोकापासून गुंडाळत टाळूपर्यंत आणायची आणि तयार झालेले सपाट वेटोळे दोन पिना फुलीसारख्या लावून जागेवर धरायचे. वेटोळे टोकापासून न गुंडाळता मध्येच दुमडले, तर टोक आकड्यासारखे वाकते आणि सकाळी ते कशानेही सरळ होत नाही. एका ओळीतील वेटोळी घड्याळाच्या दिशेने आणि पुढच्या ओळीतील उलट दिशेने फिरवली, की विंचरल्यानंतर दोन्ही ओळी मिळून एक सलग लाट होते. ही दिशांची आखणी, म्हणजे सेटिंगचा नकाशा, त्या काळातील मासिकांत डोक्याच्या रेखाचित्रांसह छापली जात असे. कोणती रचना हवी यावर नकाशा बदले, हाताचे काम तेच राही.

या पद्धतीमागचे शास्त्र साधे आहे. केस ओले झाले की त्यांच्यातील प्रथिनांना जोडणारे हायड्रोजन बंध सुटतात आणि वाळताना केस ज्या आकारात असतील त्या आकारात पुन्हा जुळतात. म्हणून वेटोळ्याच्या मध्यभागी किंचित जरी ओल उरली, तरी पीन काढल्यावर बट काही मिनिटांत सैल पडते, आणि दमट हवेत चांगला बसलेला सेट, म्हणजे असे वळवून वाळवलेले केसही उतरतात. विजेच्या चिमट्यालाही हाच नियम लागू आहे, कारण उष्णतेने सुटलेले बंध केस थंड होतानाच जुळतात. घरी केलेला प्रयत्न फसतो तो बहुधा या टप्प्यावर, आणि त्याचा दोष विनाकारण केसांच्या प्रकाराला दिला जातो. दुसरी चूक विंचरण्यातली आहे. पिना काढल्यावर डोक्यावर घट्ट कुरळ्यांचा पुंजका दिसतो, ब्रश फिरवताच तो फुलून विस्कटतो, आणि नवखी व्यक्ती घाबरून तिथेच थांबते. खरे तर ब्रश आणखी काही मिनिटे फिरवत राहिल्यावरच कुरळे एकमेकांत मिसळतात आणि लाट दिसू लागते. असा सेट अनेक दिवस टिकवायचा असे. रात्री जाळी बांधायची, जिथे सैल पडला असेल तिथल्या दोन-चार बटा पुन्हा गुंडाळायच्या आणि केस साधारण आठवड्याने धुवायचे. रोज केस धुण्याच्या सवयीत हा क्रम बसत नाही, ही आजची एक खरी अडचण आहे.

व्हिक्टरी रोल या संज्ञेपाशी जरा थांबावे लागते, कारण विंटेज म्हटल्यावर अनेकांच्या डोळ्यांसमोर येणाऱ्या, कपाळाच्या वर दोन्ही बाजूंना उभ्या राहिलेल्या वळकट्या आज याच नावाने ओळखल्या जातात आणि या नावाभोवती बराच गुंता आहे. सर्वांत लोकप्रिय व्युत्पत्ती विमानांची आहे. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे विमान पाडून परतणारा लढाऊ वैमानिक तळाजवळ येताना विमानासह स्वतःच्या अक्षाभोवती गिरकी घेई, तिला व्हिक्टरी रोल म्हणत, आणि केसांच्या वळकटीला तेच नाव पडले, असे सांगितले जाते. दुसरी व्युत्पत्ती आकाराची आहे : १९४१ मध्ये ब्रिटिश नभोवाणीने पसरवलेल्या विजयाच्या ‘व्ही’ अक्षराशी या रचनेचा संबंध जोडला जातो, कारण दोन वळकट्यांमधला भांग किंवा मागच्या केसांची रेषा त्या अक्षरासारखी दिसते. मला यांहून साधे स्पष्टीकरण अधिक पटते. युद्धाच्या वर्षांत परसबागेपासून सायकलीपर्यंत कशालाही विजयाचे नाव दिले जात होते आणि केशरचना त्याला अपवाद राहिली असती तरच नवल. विमानाची गिरकी ही नाव रूढ झाल्यावर त्याला चिकटलेली गोष्ट असावी.

खरा गुंता व्युत्पत्तीत नसून हे नाव नेमके कोणत्या रचनेचे, यात आहे. ब्रिटनमध्ये ते मानेलगत, एका कानामागून दुसऱ्या कानामागे जाणाऱ्या सलग वळकटीलाही लावले जात असे. गणवेशातील स्त्रियांचे केस कॉलरच्या वर राहिले पाहिजेत असा दंडक होता, आणि तो पाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे डोक्याभोवती फीत किंवा जुना पायमोजा बांधून खालचे केस त्यात वरच्या बाजूने खोचत जाणे. कपाळावर उंच घेतलेल्या केसांना पॉम्पाडूर हे अठराव्या शतकातील फ्रेंच दरबाराची आठवण देणारे नाव होते, आणि बाजूच्या वळकट्यांना बहुधा नुसते रोल म्हटले जाई. युद्धकाळातील साध्या छायाचित्रांत या वळकट्या मऊ, काहीशा असमान आणि अनेकदा एकाच बाजूला दिसतात. आरशात मोजून घेतल्यासारख्या दोन समान, उंच, चकचकीत वळकट्या हे मुख्यतः १९९० नंतरच्या पुनरुज्जीवनाने घडवलेले रूप आहे. ते सुंदर आहे याबद्दल वाद नाही; परंतु ते जमत नाही म्हणून खट्टू होणाऱ्यांना हे सांगितले पाहिजे, की १९४३ साली कामावर निघालेल्या बहुतेक स्त्रियांनाही ते तसे जमलेले नव्हते आणि त्यांना त्याची गरजही भासली नव्हती.

वळकटी उभी राहते ती आतील आधारामुळे. केस विरळ असतील, तर मुळाशी उलटे विंचरून फुगवटा आणला जाई किंवा आत ‘रॅट’ भरला जाई. रॅट म्हणजे गुंतवळाची गुंडाळी. कंगव्यात अडकलेले स्वतःचेच केस साठवण्यासाठी शृंगारमेजावर झाकणाला भोक असलेली खास डबी ठेवण्याची चाल युद्धाच्या कितीतरी आधीपासून होती. पुरेसे गुंतवळ जमले की ते जाळीत भरून शिवून टाकत. आधार स्वतःच्याच केसांचा असल्याने रंग तंतोतंत जुळे आणि वळकटीत फट पडली तरी आतील भरण दिसत नसे. आज विकत मिळणाऱ्या कृत्रिम आधारांत नेमकी हीच खोट असते, म्हणून हा जुना उपाय पुन्हा करून पाहण्यासारखा आहे.

युद्धाने केशभूषेवर केलेला परिणाम नावापुरता नव्हता. कारखान्यांत यंत्रात केस अडकण्याचा धोका असल्याने रुमाल, फेटेवजा बांधणी आणि स्नूड, म्हणजे मागचे केस पिशवीसारखे धरणारी जाळी, यांचा प्रसार झाला. एका डोळ्यावर केसांचा पडदा सोडणाऱ्या एका लोकप्रिय अभिनेत्रीने १९४३ मध्ये अमेरिकी सरकारच्या विनंतीवरून आपली केशरचना बदलली, कारण कामगार स्त्रिया तिचे अनुकरण करत होत्या. गंमत अशी, की आज ‘हॉलिवूड वेव्ह’ म्हणून घरी सर्वाधिक केली जाते ती तिचीच मोकळी, एका बाजूला झुकलेली लाट, आणि तिची जागा घेण्यासाठी आलेल्या सोयीच्या रचना मात्र मागे पडल्या.

रंगभूषेचा इतिहास निराळा आहे, कारण तिथे स्टुडिओचा वाटा खरोखर मोठा आहे. मूकपटांच्या काळातील ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती. लाल ओठ पडद्यावर काळे दिसत आणि तांबूस त्वचा डागाळलेली भासे. विसाच्या दशकाच्या अखेरीस सर्व रंग टिपणारी पँक्रोमॅटिक फिल्म आणि साध्या तापदीपांचा प्रकाश रूढ झाला, त्यासाठी १९२८ मध्ये हॉलिवूडमध्ये रीतसर चाचण्या घेण्यात आल्या आणि रंगभूषेच्या छटा नव्याने ठरवाव्या लागल्या. पुढे रंगीत चित्रपट आला तेव्हा तेलकट रंग चमकू लागले. त्यावर उपाय म्हणून ओल्या स्पंजाने लावायची, वाळल्यावर मंद दिसणारी वडी तयार झाली आणि १९३८ मध्ये ती सर्वांसाठी विक्रीला आली. घरच्या रंगभूषेत चेहराभर एकसारखा थर देण्याची पद्धत फोफावली ती तिथपासून. तेव्हा कृष्णधवल छायाचित्र समोर ठेवून रंग ठरवताना हे विसरू नये, की त्यातील करडी छटा ही ओठांइतकीच फिल्मची, दिव्यांची आणि छायाचित्रावर नंतर फिरलेल्या कुंचल्याचीही असते. चेहऱ्यावरील खोल सावल्या तर बहुतांशी उंचावर लावलेल्या दिव्याच्या आहेत. त्या गडद पावडरीने चेहऱ्यावर रंगवल्या, तर दिवसाच्या उजेडात मळकट दिसतात.

लाल लिपस्टिकचे महत्त्वही युद्धाने वाढवले. ब्रिटनने प्रसाधनांचे उत्पादन कमी केले आणि त्यांवर जबर कर बसवला. अमेरिकेने १९४२ मध्ये निर्बंध आणले, पण स्त्रियांच्या मनोधैर्याचा मुद्दा पुढे आल्यावर काही महिन्यांतच ते मागे घेतले. धातूच्या नळ्यांऐवजी प्लास्टिकच्या आणि पुठ्ठ्याच्या नळ्या आल्या, काही ठिकाणी बिटाचा रस ओठांना लागला. अमेरिकेच्या एका सैन्यदलातील स्त्रियांसाठी टोपीवरील लाल दोरीशी जुळणारी लिपस्टिक काढण्यात आली. भुवया तिशीच्या दशकात तारेसारख्या बारीक, चाळिशीच्या दशकात भरीव आणि पन्नाशीच्या दशकात टोकदार कमानीच्या होत्या, आणि पापणीच्या कडेला पंख काढणारे आयलायनर या शेवटच्या दशकाचे आहे. व्हिक्टरी रोलखाली पंखाचे आयलायनर काढणे म्हणजे दोन दशके एका चेहऱ्यावर आणणे होय. त्यात गैर काही नाही, फक्त त्याला १९४० चे दशक म्हणू नये. मस्काराही तोवर डबीतील वडीच्या रूपात होता. ओला ब्रश तिच्यावर घासून तो लावला जाई, आणि नळीतील कांडी पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात आली.

या छटा आणि नकाशे प्रामुख्याने गोरी त्वचा आणि सरळ केस गृहीत धरून आखले गेले होते, हे नोंदवणे आवश्यक आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांनी याच वळकट्या आणि लाटा तापवलेल्या कंगव्याने केस सरळ करून, स्वतःच्या तंत्राने आणि स्वतः मिसळलेल्या छटांनी साधल्या. कुरळ्या आणि दाट केसांवर विंटेज रचना करू पाहणाऱ्यांना त्यांच्या जुन्या छायाचित्रांतून स्टुडिओच्या चित्रांपेक्षा अधिक शिकता येते.

युद्धानंतर उष्णतेशिवाय होणारा रासायनिक पर्म, म्हणजे केस कायमचे कुरळे करण्याची पद्धत, घरगुती संचांच्या रूपात आला, फवाऱ्याच्या डब्यांचे युद्धकाळातील तंत्र हेअरस्प्रेसाठी वापरले गेले, आणि पन्नाशीच्या दशकात पिनांची जागा मोठ्या रोलरांनी घेतली. फुगवटा वाढत गेला आणि १९६० मध्ये शिकागोत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बीहाइव्ह रचना अवतरली. त्यानंतरच्या काही वर्षांत लंडनमधून भौमितिक काप आले. केस धुऊन, झटकून मोकळे सोडले तरी ते आपोआप आकारात बसत. साप्ताहिक सेटची गरजच त्यांनी संपवली, आणि आईकडून मुलीकडे जाणारी पिन कर्लची विद्या एका पिढीत खंडित झाली.

नव्वदीच्या दशकात स्विंग नृत्य आणि रॉकबिली या जुन्या रॉक संगीताच्या चाहत्यांनी ती जुन्या मासिकांतून आणि केशप्रसाधनाच्या पाठ्यपुस्तकांतून परत मिळवली. २००५ नंतर इंटरनेटवरील चित्रफितींनी ती सर्वांपर्यंत पोहोचवली, मात्र सोबत एक बदलही केला. चित्रफितीत रात्रभर वाळणारे केस दाखवता येत नाहीत. त्यामुळे चिमट्याने दहा मिनिटांत होणारी लाट पुढे आली आणि ओला सेट मागे पडला. दुसरी गोष्ट बहुतेक चित्रफिती सांगतच नाहीत, ती म्हणजे केसांचा काप. चाळिशीच्या दशकातील रचना खांद्याच्या आसपास येणाऱ्या, मागे अर्धगोलाकार आणि आत आखूड थर असलेल्या केसांवर बेतलेल्या होत्या. जुन्या शैलीचे चाहते या कापाला मिडी म्हणतात. कमरेपर्यंत लांब, एकाच लांबीच्या केसांवर तोच नकाशा वापरला, तर वजनाने लाट खाली ओढली जाते. अशा वेळी लांबी कायम ठेवायची असेल, तर खालचे केस आत दुमडून मानेपाशी पिनांनी बसवणे आणि फक्त पुढच्या व बाजूच्या बटा सेट करणे, हा त्या काळातील लांब केसांच्या स्त्रियाही अवलंबत असलेला मार्ग आहे.